बुडालेल्या गाडीचा दाखवण्याचा कार्यक्रम

पनवेलच्या मोटार-अड्ड्यावर भगवान घरताची शेवरलेट उभी असली, की तिला टेकून बिडी ओढायची कुणाची छाती होत नसे. कुणी चुकून टेकलाच, तर भगवान हातातला चहा खाली ठेवून येई आणि शांतपणे म्हणे, "अवो, ती काय भिंत हाय?"

गाडी काही मोठी देखणी होती अशातला भाग नाही. लढाईच्या आधीची. मुंबईच्या एका पारशी डॉक्टरकडून ठाण्याच्या एका वकिलाकडे, आणि वकिलाकडून भगवानकडे, अशी दोन घरं नांदून तिसऱ्या घरी आलेली. पहिल्या दोन घरी तिला नाव नव्हतं, नुसता नंबर होता. भगवाननं तिचं नाव 'बाय' ठेवलं. आगरी घरात लेकीला बाय म्हणतात, आणि भगवानला लेक नव्हती.

बाय सपाट रस्त्यावर गुणी होती. चढण आली की मात्र रुसायची. शिळफाट्याचा चढ लागला की भगवान तिच्याशी बोलायला लागे, "चल गो बाय, चल माजी ती." तेवढ्यानं भागलं नाही, तर उतारूंनाही बोलायला लावी. कुलाबा जिल्ह्यात ज्यांच्या उलटतपासणीला साक्षीदार चळचळा कापत, असे एक वकीलसाहेब एकदा मागच्या सीटवर फायली मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी आधी नकार दिला. गाडी थांबली. वकीलसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "चल गो बाय." गाडी चालली. त्यानंतर त्या चढावर ते न सांगताच म्हणू लागले.

रस्त्यात कुणी हात केला की भगवान थांबायचा. कुणी डोकं खाजवायला हात वर केला तरी थांबायचा. बाळंतीण, वऱ्हाडी, आंब्याच्या पाट्या, तापानं फणफणलेला म्हातारा, सगळ्यांना बायमध्ये जागा असे. पायात मात्र कायम बूट. झोपताना काढायचा तेवढेच. त्याचं सगळं लहानपण बापाच्या मिठागरात अनवाणी गेलेलं. मिठाच्या पाण्यानं पायांना पडलेल्या भेगा बघितल्या, की तो बूट का काढत नाही हे विचारावं लागत नसे.

या भगवाननं गाडीचा विमा उतरवला तेव्हा अड्ड्यावर फारशी चर्चा झाली नाही. दुसऱ्याला धक्का लागला तर लागणारा विमा सगळ्यांनाच सक्तीचा होता. चर्चा झाली ती पुढच्या गोष्टीवरून. मुंबईच्या फोर्टातल्या कुठल्याशा कंपनीचा एजंट अड्ड्यावर बसून आग, चोरी, अपघात असा एकेक मासा टोपलीतून काढून दाखवत होता. भगवाननं विचारलं, "आनि पानी?"

"कसलं पाणी?"

"पुराचं. उधानाचं."

एजंट हसला. "त्याचं कलम वेगळं आहे, घरत. त्याला वरचा हप्ता पडतो. ते कुणी घेत नाही."

"मना द्या."

गॅरेजवाला ताहेर शेजारीच गाडीखाली झोपला होता. तो तिथूनच ओरडला, "मियां, मोटार घेतलीस का मचवा? विमा कशाला, शीड बसवून देतो ना!" त्यानंतर महिनाभर अड्ड्यावर भगवानला लोक 'तांडेल' म्हणत. भगवान रागावला नाही. त्यानं लहानपणी एका उधाणात अख्ख्या वर्षाची मिठाची रास नाहीशी होताना पाहिली होती. ज्याच्या घरची वस्तू पाण्यात नुसती बुडत नाही, विरघळते, त्यानं पाण्यावर काय म्हणून भरवसा ठेवायचा?

आणि मग त्या श्रावणात ते झालं. घाटावर दिवसरात्र पाऊस पडत होता. गाढी नदी फुगून खाडीकडे निघाली, आणि नेमकं खाडीला उधाण. दोघी दारातच भेटल्या. एक म्हणते मला बाहेर जायचंय, दुसरी म्हणते मला आत यायचंय, आणि वाट कुणीच देईना. या मानापानात सगळं पाणी बंदराकडच्या आळीत शिरलं. भगवानचं घर त्याच आळीत, आणि घराला लागून बायची शेड.

रस्ते दोन्हीकडून बंद. गाडी न्यायची कुठं? अशा वेळी दुसरा कुणी मोटारवाला काय करता कोण जाणे, पण भगवान धावत जाऊन शेजारच्या कोळ्याकडून होडीचा दोर घेऊन आला. त्यानं गाडी मागून नारळाला बांधली. होडीला ठेवतात तसा अंदाज घेऊन ढीलही ठेवला. मग त्यानं बायकोला, कमळाबाईला, हाताला धरून समोरच्या घराच्या माडीवर नेलं, आणि तिथून तो बघत बसला. आधी चाकं गेली. मग बॉनेट गेलं. मग काचेतून दिसणारं स्टिअरिंग गेलं. बाय पाण्यात हळूच हलली, शेडमधून अर्धी बाहेर आली, वळली आणि खाडीकडे तोंड करून दोराला ताण देत उभी राहिली.

"चालली गो, चालली!" कमळाबाई ओरडली.

"नाय जात," भगवान म्हणाला. "गाठ माजी हाय."

संध्याकाळी पाणी आलं तसं गेलं, आणि जाताना आळीभर गुडघाभर काळा चिखल ठेवून गेलं. दुसऱ्या दिवशी ताहेर आला. त्यानं आल्या आल्या दम दिला, "स्टार्टरला हात लावशील तर याद राख." तेलाची पट्टी काढून बघितली, तर तिच्यावर तेल नव्हतंच, दुधाचा चहा होता. पुढून हॅण्डल लावून बघितलं. हॅण्डल तसूभर हलेना. "हे तेल-पाणी आजच्या आज काढ, दुसरं घाल," तो म्हणाला, "नाहीतर राहिलेलं पण गंजेल. इंजिन तर उतरवावंच लागेल. पार्ट मुंबईहून." खर्च किती, ते त्यानं सांगितलं नाही. नुसता भगवानच्या खांद्यावर हात ठेवला. ताहेर असा हात मयताच्या घरीच ठेवायचा, त्यामुळे भगवानला अंदाज आला.

आता सगळं त्या वरच्या हप्त्यावर होतं. कंपनीनं भरपाई दिली तर बाय उभी राहणार. नाही दिली, तर बाय भंगारात आणि भगवान गव्हाणला, थोरल्या भावाच्या मिठागरात. थोरल्या आनंदाचा निरोपही येऊन पोचला होता, 'काळजी करू नको. दिवाळीनंतर ये. जागा आहे.' भावानं मायेनंच पाठवला होता निरोप. पण तो ऐकल्यापासून भगवानचे पाय बुटाच्या आत खाजायला लागले होते.

तार गेली, उत्तर आलं. शुक्रवारी कंपनीचे सर्व्हेअर गाडी बघायला येतील. ताहेरच्या सासुरवाडीला उरणला पावसानं भिंत पडली होती, म्हणून तो तिकडे गेला. जाताना काय करायचं ते सांगून गेला. काय करायचं नाही, ते सांगायचं राहिलं.

कमळाबाईनं पदर खोचला. या बाईनं सासरी आल्यापासून तीन नणंदा दाखवून उजवल्या होत्या, आणि तिन्ही पहिल्याच बघण्यात पसंत. त्यातली एक तर जरा तिरळी होती. कमळाबाईनं तिला अशा कोनात बसवली, की नवऱ्याला ते लग्नानंतर कळलं, आणि तोवर त्याला ती आवडायला लागली होती. अशा बाईच्या दारात मुंबईचा साहेब येणार आणि चिखलानं लडबडलेली गाडी बघणार? मग तिनं आयुष्यात केलं काय?

"कोन बी येवो," ती म्हणाली, "घान दाखवायची रीत नाय आपल्यात."

भगवानलाही ते पटलं. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे तो सगळं तिच्यावर ढकलायला बघत होता. गाडी नीटनेटकी दिसली म्हणजे साहेबाला कळेल, मालक जपणारा आहे, असा त्याचा हिशेब.

आळीतल्या बायका आल्या. आतला चिखल घमेल्यांनी उपसला. सीटचं रेक्झिन रिठ्याच्या पाण्यानं तीनतीनदा पुसून काढलं. दिव्यांच्या कड्या चिंचेनं घासल्या. बॉनेटला खोबरेल चोळलं. शेडच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची काळी रेघ उमटली होती, तिच्यावर चुन्याचा हात फिरला. जमीन सारवली. शुक्रवारी सकाळी कमळाबाईनं पुढच्या जाळीवर सोनटक्क्याची वेणी माळली, मागच्या सीटवर स्वतःच्या माहेरची भरतकाम केलेली चादर अंथरली, आणि दृष्ट लागू नये म्हणून डाव्या दिव्याखाली काजळाचं बोट लावलं.

सर्व्हेअर टिपणीस एसटीनं आले. अंगानं चांगले भरदार, पांढरी शुभ्र पॅंट, काखेत चामडी बॅग. आळीतला चिखल चुकवत चुकवत, पॅंट चिमटीत धरून ते शेडपर्यंत पोचले. त्यांनी बायकडे पाहिलं. मग तिच्या पलीकडे पाहिलं.

"गाडी कुठं आहे?"

"हीच की, साहेब."

"ही नव्हे हो. पुरातली."

"हीच पुरातली."

टिपणीस वेणीकडे बघत राहिले. "ही? ही तर लग्नाला निघालीय."

कमळाबाई दाराआडून लाजली. तिला वाटलं, जमलं.

टिपणीसांनी गाडीला एक फेरी मारली. बॉनेट उघडलं. आत नवं तेल, पुसलेलं इंजिन, खोबरेलाचा वास. हॅण्डल लावून जोर केला. हललं नाही. "इंजिन जॅम आहे, हे कबूल," ते म्हणाले. "पण घरत, ही गाडी लढाईच्या आधीची. या वयात इंजिन आपलं आपणच जॅम होतं. कंपनी पुराची भरपाई देते, म्हातारपणाची नाही. पाणी गाडीत कुठवर आलं होतं?"

"हितवर." भगवाननं स्टिअरिंगच्या वर हात धरला.

"पण खूण कुठं आहे? चिखल, डाग, काही?"

दाराआडून कमळाबाईचा अभिमानाचा आवाज आला, "येक डाग ठेवला नाय, साहेब! शोदून दाखवा."

"आणि भिंतीवर?"

"तिथं बी चुना मारला."

टिपणीसांनी डोळे मिटून घेतले. काय झालंय ते भगवानला आत्ता, या क्षणी, साहेबांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघून कळलं. तो घाईघाईनं म्हणाला, "साहेब, आमी तिला बांदली व्हती. होडीवानी. नारलाला."

"काय बांधलं होतं?"

"मोटार."

"नारळाला?"

"ढील देऊन."

टिपणीसांनी पेनचं टोपण लावलं. मोटार नारळाला बांधणारा माणूस त्यांना नोकरीत प्रथमच भेटत होता, आणि तो खरं बोलतोय यावर विश्वास बसल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं. आळी भगवानच्या मदतीला धावली, आणि आळीनं उरलंसुरलंही घालवलं. एक म्हणाला, पाणी कमरेएवढं. दुसरा म्हणाला, छपराएवढं. तिसरा म्हणाला, छप्पर कुठं दिसत होतं? पलीकडच्या आळीतली म्हातारी भामा तर शपथेवर सांगू लागली, की गाडी पार उरणला जाऊन भरतीबरोबर परत आली.

"आळीत पूर आला, याबद्दल माझं काही म्हणणं नाही," टिपणीस जरा मऊ होऊन म्हणाले. "गाडी त्यात होती, हे मी कशावरून लिहू? मला तुमचं वाईट करायचं नाही, घरत. पण जे दिसतं ते लिहायचं, हे माझं काम. आणि मला तर इथं चकचकीत गाडी दिसतेय." त्यांनी घड्याळ बघितलं. परतीची एसटी गाठायची होती.

भगवाननं उघडं बॉनेट खाली ओढलं. त्याला समोर गव्हाणचं मिठागर दिसत होतं, भर उन्हातलं, पांढरं, डोळे दिपवणारं.

पण बघायला आलेला पाहुणा तोंड गोड केल्याशिवाय कमळाबाईच्या दारातून कधी गेला नव्हता. नकार असो, होकार असो, चहा झालाच पाहिजे. ती कपबशी घेऊन बाहेर आली. बसवायचं कुठं? घरातली एकुलती खुर्ची पुराबरोबर गेली होती. ओटा ओला. "हितं बसा," तिनं बायचं मागचं दार उघडलं आणि चादर हातानं सारखी केली. "आतून बी बघा. दोन घोट घ्या, मंग जा."

टिपणीसांना नको होतं. पण बाईचा चेहरा बघून नाही म्हणवेना. ते आत शिरले, आणि सकाळपासूनच्या प्रवासानं शिणलेलं सगळं वजन त्यांनी एकदम सीटवर सोडून दिलं.

आवाज आला. म्हैस डबक्यात बसली की येतो तसा.

रेक्झिन वरून कोरडं ठणठणीत होतं. पण आतल्या काथ्यानं पुरातलं सगळं पाणी पोटाशी धरून ठेवलेलं, आणि ते आता टिपणीसांच्या वजनाखाली प्रत्येक शिवणीतून वर आलं. काळं, दाट, थंडगार. माहेरची चादर गेली, पांढरी पॅंट गेली, बशीतला चहा गेला. कमळाबाईनं तोंडाला पदर लावला. भगवाननं मनातल्या मनात थोरल्या आनंदाला निरोप धाडला, येतो म्हणून.

टिपणीस उठले नाहीत. ते जिथल्या तिथे बसून राहिले. मग त्यांनी मांडीखाली बोट फिरवलं, वर आणलं, डोळ्यांजवळ धरलं. वास घेतला. आणि सगळ्या आळीच्या देखत ते बोट जिभेला लावलं.

"खारट," ते म्हणाले.

"चहा?" भामानं विचारलं.

"अहो, खारट आहे! मी रेवदंड्याचा, घरत. या चिखलात चिंबोऱ्या धरत लहानाचा मोठा झालोय. हा खाडीचा गाळ आहे, अस्सल!" ते आता उठले, पाठमोरे झाले, आणि त्यांची पाठ बघून भामानं डोळे झाकले. "म्हातारपणानं इंजिन बंद पडतं. पण म्हातारपणानं गादीत खाडी येत नाही. काढा ही सीट बाहेर!"

सीट उपटली. खाली दोन बोटं गाळ, आणि गाळात शिंपल्या. टिपणीसांनी बॅगेतून पान्हा काढला आणि दारांचे आतले पत्रे स्वतः सोडवले. आत गाळ. स्टिअरिंगसमोरचा घड्याळांचा पत्रा सैल केला. वेग दाखवणाऱ्या काट्याच्या काचेमागं पाणी, आणि त्यात एक मेलेली कोळंबी. टिपणीसांना आता थांबवणं शक्य नव्हतं. त्यांनी एकेक कोपरा उघडावा, त्यातून घाण निघावी, कमळाबाईनं कपाळावर हात मारून घ्यावा, "अगो बाय, हितं बी ऱ्हायला!" आणि भगवानचा चेहरा थोडा थोडा उजळत जावा, असा प्रकार दुपारपर्यंत चालला होता. कोळंबी निघाली तेव्हा तर कमळाबाई लाजेनं आत निघून गेली, आणि भगवान मोठ्यानं हसला. पुरानंतर पहिल्यांदाच.

"स्टिअरिंगच्या वरपर्यंत पाणी," टिपणीस लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाले. "तुम्ही सांगितलंत तिथवरच. आणि ते नारळाचं?"

भगवाननं त्यांना नारळाकडे नेलं. दोरानं बुंधा सोलवटलेला होता. तेवढा एक चुन्यातून वाचला होता, कारण नारळाला चुना लावायचं कमळाबाईला सुचलं नव्हतं. टिपणीसांनी त्या ओरखड्यावर हात फिरवला. "बांधली नसती तर गाडीच गेली असती, आणि मी इथं रिकामी शेड बघायला आलो असतो," ते म्हणाले. "तुम्ही कंपनीचं नुकसान कमी केलंत हो. हे मी लिहिणार."

कमळाबाई गरम पाण्याची बादली आणि साबण घेऊन परत आली होती. "साहेब, पॅंट द्या. आत्ता धुते."

"खबरदार!" टिपणीस दोन पावलं मागं सरले. "पॅंटला पाणी लावायचं नाही. ही कंपनीत न्यायची आहे. वहिनी, कंपनीचं पत्र येईपर्यंत या घरात काही म्हणजे काही धुवायचं नाही."

"भांडी बी नाय?"

"भांडी चालतील."

टिपणीस भगवानच्या लुंगीत जेवायला बसले. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं असं साधंच जेवण, पण त्यांनी दोनदा मागून घेतलं. मग लुंगीवरच, चिखलाची पॅंट वर्तमानपत्रात बांधून काखेत मारून, चारच्या एसटीनं ते मुंबईला गेले. एसटीतल्या लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं असणार. ते गेले आणि भगवान ओट्याच्या कोरड्या कोपऱ्यात आडवा झाला, तो दिवेलागण झाली तरी उठला नाही. पुरापासून त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. कमळाबाईनं हळूच जाऊन त्याचे बूट काढले. त्याला कळलंही नाही.

कंपनीचं पत्र आलं. भरपाई मंजूर. ताहेर उरणहून परतला होता. त्याला सगळी हकीकत कळली तेव्हा तो हसून हसून जमिनीवर बसला, आणि बसल्या बसल्या त्यानं भगवानला 'गाढव' पासून पुढच्या सगळ्या शिव्या दिल्या. "अल्ला कसम, भाबीनं माझं इंजिनपण धुतलं असतं आतून, तिचा हात पोचला असता तर!" मग तो महिनाभर बायच्या पोटात शिरून राहिला. घटस्थापनेच्या आसपास एके सकाळी त्यानं भगवानला हाक मारली आणि स्टार्टरकडे बोट दाखवलं. बाय खोकली, काळा धूर सोडला, पुन्हा खोकली, आणि लागली चालायला.

भगवान त्या दिवशी अड्ड्यावर गेला नाही. आधी गव्हाणला गेला. आनंदा मिठागराच्या बांधावर उभा राहून पावसानं ढासळलेली कड बघत होता. गाडीचा आवाज ऐकून त्यानं वळून पाहिलं, आणि बायला ओळखल्यावर हातातलं फावडं खाली टाकून तो धावतच आला.

"दादा," भगवान म्हणाला, "मी येत नाय दिवालीनंतर. गाडी चालू झाली."

आनंदा मटकन बांधावर बसला. त्यानं खाडीकडे तोंड करून दोन्ही हात जोडले आणि एक मोठा श्वास सोडला. "सुटलो रे बाबा, सुटलो!"

"सुटलो मी, दादा. तू कशाला सुटलास?"

"मी कशाला?" आनंदा उसळला. "आरं, तुला ये म्हनालो ते माज्या जिवावर आलं व्हतं! लहान भाव, संकटात, नाय कसं म्हनू? पन तू माज्या हाताखाली आगरात व्हतास तवाची दोन वर्सं मना आटवतात. पानी घ्यायचं दार उघडून तू बसायचास रस्त्याकडं तोंड करून, कंची मोटार आली बघत. सगला मीठ वाहून जायचा आनि तू मना सांगायचास, 'दादा, फोर्ड व्हती!' तू येनार कललं तवापासून मना झोप नाय. तुजी भावजय बी म्हनली, औंदा मीठ व्हतंय का नाय देव जाने."

भगवानला हसू फुटलं. मग दोघंही हसायला लागले, आणि हसता हसता आनंदाच्या डोळ्यांना पाणी आलं. ते पुसत त्यानं विचारलं, "जेवून जाशील?"

"जातो की."

"मंग आदी मना घेऊन एक चक्कर मार," आनंदा उठत म्हणाला. त्यानं चिखलाचे पाय बांधावरच्या गवताला पुसले, पुढचं दार उघडलं आणि ऐटीत आत बसला. "लांबची मार. आज काय घाई नाय."